मागच्या नटाची खाच

कारखान्यात माझ्या नवऱ्याला सगळे अर्धसूत म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लग्न करून मला घरी आणलं त्या दिवशी उंबऱ्यात उभं राहून त्यांनी काय बोलावं? "चौकट अर्ध सूत बाहेर आहे." शेजारी नवी नवरी उभी, आणि हे एक डोळा मिटून चौकटीकडे बघतायत. पुढच्या रविवारी त्यांनी ती चौकट उचकटून परत बसवली, तेव्हा कुठे त्यांचं घरात मन लागलं.

तीस वर्षं लेथवर उभं राहून लोखंड कापणारा माणूस घरी आल्यावर पाय पसरून पडेल. आमचे अर्धसूत घरी येऊन पितळ कापायचे. स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी बळकावली. तिथं हातभर लांबीचं एक जुनं लेथ आलं आणि ते फिरवायला माझ्या शिलाई मशीनचं पायडल गेलं, मला न विचारता. पितळेचा कुरळा कीस माझ्या केसांत, अंथरुणात, पिठाच्या डब्यात सापडायचा. मी कटकट करायची, पण त्या खोलीचा मला अभिमान होता. एरवी हा माणूस इतका भिडस्त, की रांगेत कुणी पुढे घुसलं तर स्वतःच मागे सरकून त्याला जागा करून द्यायचा. त्या खोलीत मात्र त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

आणि त्यांचं मासिक. धातुकामाचा छंद असणाऱ्या, घरी बसून छोटी यंत्रं बनवणाऱ्या लोकांसाठी ते निघायचं. असे वेडे आपल्या एकट्याच्याच घरी नाहीत, हे मला त्या मासिकामुळे कळलं. पितळ कापताना तेल लावावं की लावू नये, यावर दोन वाचक पत्रांतून सहा महिने भांडत होते. शेवटच्या पानावर छोट्या जाहिराती असायच्या. "लेथ विकणे आहे, उत्तम स्थितीत, कारण कौटुंबिक." ते कौटुंबिक कारण कुठल्या स्वयंपाकघरात उभं असेल ते मला बरोबर कळायचं. अंक आला की अर्धसूत आधी साबणानं हात धुवायचे, मगच तो उघडायचे. जेवायला बसताना एवढे हात त्यांनी कधी धुतले नाहीत.

त्यांनी चार वर्षं खपून एक वाफेचं इंजिन बनवलं. उभं, पंजावर मावेल एवढं. छोट्या बंद टाकीत फुलपात्रभर पाणी उकळवून त्याची वाफ दिली की ते इतकं गुळगुळीत फिरायचं, की वर उभं ठेवलेलं नाणं पडायचं नाही. त्यांनी मासिकाला चार ओळी लिहून कळवलं, आणि एके दिवशी खुद्द संपादक आमच्या दारात हजर झाला.

त्याला मी अहो-जाहो करणार नाही. तेव्हा केलं, तेवढं पुष्कळ झालं. गोरा, नीटनेटका माणूस, नखं स्वच्छ. नखं बघूनच मला कळायला हवं होतं. मला वहिनी वहिनी करत त्यानं दोनदा चहा घेतला, इंजिन उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, यावर लेखमाला करू, नऊ भागांची, फोटोसाठी इंजिन पंधरा दिवस न्यावं लागेल. अर्धसूत घुटमळले. त्यांना ते हातातून सोडवत नव्हतं. मीच म्हटलं, द्या हो, चार लोकांत नाव होईल. मीच माझ्या कामावरच्या कापडाचा तुकडा आणून ते इंजिन बाळासारखं गुंडाळलं आणि त्या माणसाच्या हातात दिलं. हे मी कधीच विसरले नाही. पुढचं जे काही मी केलं ते या एका गोष्टीपायी केलं.

तीन महिन्यांनी पहिला भाग छापून आला. वर मोठ्या अक्षरात संपादकाचं नाव, त्याचाच फोटो, आणि त्याच्या तळहातावर आमचं इंजिन. दोन वर्षं रात्रीचा दिवस करून मी हे यंत्र घडवलं, असं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरात एक ओळ: काही किरकोळ भाग बनवण्यात एका होतकरू कारागिराची मदत झाली. आमचे होतकरू कारागीर तेव्हा बावन्न वर्षांचे होते.

ते एकदा त्याच्या कचेरीत जाऊन आले. काय झालं ते मी खोदून खोदून काढून घेतलं. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावलं, की असल्या इंजिनाची रचना काही कुणा एकाची नसते, लेखमाला संपली की इंजिन परत मिळेल, आणि मासिकाशी संबंध बिघडवून तुमचाच तोटा आहे. अर्धसूत मान हलवून उठून आले. उलट घरी येऊन मलाच म्हणाले, जाऊ दे, लोक ते बनवतील तरी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांना वाटलं मी कीस सांडल्यामुळे रागावले आहे.

तिसऱ्या दिवशी अंक हातात घेऊन ते माझ्याकडे आले. त्यांना काहीतरी सापडलं होतं. पहिल्या भागात इंजिनाच्या बैठकीचं ड्रॉइंग होतं. बैठक म्हणजे खालची चपटी पितळी पेटी, तिच्यात तेल साठतं. तिच्यावर जे काही उभं राहतं ते चार बोल्टांनी आवळायचं असतं, आणि त्यांचे नट पेटीच्या आत येतात. तीन नट बाजूच्या भोकांतून आवळता येतात. मागचा नट मात्र कोपऱ्यात इतका खेटून येतो, की पाना जातच नाही. त्यांची स्वतःची पहिली बैठक त्यापायी वाया गेली होती. दुसरीला त्यांनी मागच्या कडेला, वरच्या अंगाला, करंगळीच्या टोकाएवढी खाच घातली. त्या खाचेतून पाना आत जातो. आणि छापलेल्या ड्रॉइंगमध्ये ती खाच नव्हती.

"त्याला ती कानस घसरल्याची खूण वाटली," अर्धसूत म्हणाले. "ड्रॉइंग काढताना त्यानं कड सरळ करून टाकली."

म्हणजे त्या माणसानं ते इंजिन बनवणं तर सोडाच, उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. ज्यानं एकदा तो नट आवळलाय तो ती खाच विसरूच शकत नाही. मला हसू फुटलं. ते मात्र हसत नव्हते. ते मला पुढचा हिशेब सांगत होते. पाचव्या भागात बैठकीचा तळ रिवेट मारून आणि कथलाचा डाग देऊन कायमचा बंद करायचा. नवव्या भागात, सगळं जुळल्यावर, ते नट शेवटचे आवळायचे. तेव्हा वाचकाला कळणार, की मागच्या नटाला हात पोचत नाही. तोवर तळ बंद. तो उघडायला गेलं तर तापवून पितळ वाकणार. बाहेरून खाच पाडली तर कीस तेलात पडणार आणि तेलातून बेअरिंगमध्ये जाणार. नऊ महिन्यांची मेहनत मातीत.

त्यांनी लगेच पत्र लिहिलं, वाचकांच्या पत्रांच्या सदरासाठी. खाच कुठे, किती रुंद, किती खोल, बाजूला छोटी आकृती. चोरीबद्दल एक अक्षर नाही. शेवटी लिहिलं होतं, "वाचकांनी तळ बंद करण्याआधी ही दुरुस्ती कृपया छापावी, एवढीच विनंती." त्यांना कारखान्याची गाडी भल्या पहाटे न्यायला यायची, वाटेत पत्रपेटी लागत नसे. माझ्या कामाच्या फाटकाशी होती. पत्र त्यांनी माझ्याकडे दिलं.

मी ते टाकलं नाही.

मी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला होते. कापडाचे साठ थर एकावर एक ठेवायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि एकाच सुरीनं साठही कापायचे. खडूची रेघ चुकली तर साठ बाह्या एकदम आखूड होतात. तेव्हा एक चूक किती घरांत जाऊन पोचते हे मला कुणी शिकवायला नको होतं. पत्रपेटीपाशी मी उभी राहिले. विनंती हा शब्द माझ्या डोळ्यांपुढून जाईना. चोराला विनंती. ही दुरुस्ती छापून तो पुन्हा साळसूद होणार, शहाणा ठरणार, आणि माझा नवरा होतकरूच राहणार. म्हटलं, नाही. पिकू दे. मी पत्र कटिंगच्या टेबलाच्या खणात, खडूंच्या डब्याखाली ठेवलं.

दुसरा अंक आला, दुरुस्ती नव्हती. अर्धसूत म्हणाले, जागा नसेल. तिसरा आला. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, आधीच्याहून नम्र. तेही खणात गेलं. चौथ्या महिन्यात ते कासावीस व्हायला लागले. ताटावरून अर्धवट उठायचे. एवढे लोक करत बसले असतील गं, म्हणायचे, कोण कोण असतील. तिसरं पत्र त्यांनी दिलं आणि म्हणाले, पाचव्या भागाआधी रजा टाकून मी स्वतःच कचेरीत जाऊन सांगतो.

त्या दिवशी मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुमची पत्रं त्याला मिळालीत. त्याला छापायचंच नाहीये. आता काय पाय धरायला जाणार आहात?"

ते बराच वेळ नखानं टेबलाची कड खरवडत राहिले. मग म्हणाले, "मुद्दाम दाबली म्हणतेस?" मी म्हटलं, मुद्दाम. त्यांनी रजा टाकली नाही. पाचवा भाग आला आणि ठिकठिकाणच्या घरांत लोकांनी आपापले तळ बंद केले.

त्यानंतर माझा नवरा बदलला. मला तेव्हा तो बदल आवडला, लपवून काय उपयोग? ज्याच्या तोंडून कुणाबद्दल वाकडा शब्द निघत नसे तो माणूस आता अंक हातात घेऊन दात आवळायचा. सातवा भाग, आठवा भाग, ते बोटांवर मोजायचे. हात न धुताच अंक उघडायला लागले. एकदा मी झोपेतून उठून पाणी प्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "जागाच आहे मी. त्याचं तोंड कसं होईल ते बघतोय." आम्ही दोघं खुदकन हसलो. लग्नाच्या इतक्या वर्षांत आमचं सूत एवढं कधी जुळलं नव्हतं.

नवव्या भागानंतर महिन्याभरात मासिकाचं वार्षिक प्रदर्शन होतं. एका शाळेच्या मोठ्या दालनात टेबलं मांडलेली, त्यांवर इंजिनं, छोट्या तोफा, घड्याळं. पण त्या वर्षी दारापासूनच कुजबुज होती. लोक पिशव्यांतून, खोक्यांतून आपापली अडलेली इंजिनं घेऊन आले होते. माझ्या बाजूला एक बाई होत्या, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या. बुटांच्या खोक्यात कापूस घालून त्यांनी इंजिन आणलं होतं. इतकं सुबक काम, की अर्धसूतांनीसुद्धा मान डोलावली. त्यांनी बाहेरून खाच पाडायचा प्रयत्न केला होता आणि कीस बेअरिंगमध्ये गेला होता. दांडा फिरवला की दाताखाली खडा यावा तसा आवाज यायचा. "चूक माझीच असणार," बाई म्हणाल्या. "छापलेलं कसं चुकेल?" मी दुसरीकडे बघितलं.

मंचावर संपादक उभा होता. त्याच्यापुढे काचेच्या पेटीत आमचं इंजिन. लोकांनी विचारलं तर तो म्हणत होता, थोडा हाताचा सराव हवा, घाई करून चालत नाही. तेव्हा अर्धसूत उठले. हा माणूस चार लोकांपुढे कधी बोलला नव्हता. खिशातून छोटा पाना काढून ते मंचावर चढले आणि तो पाना त्यांनी संपादकाच्या हातात ठेवला.

"मागचा नट तुम्ही कसा आवळलात, ते यांना दाखवा," ते म्हणाले.

संपादकानं पेटीतून इंजिन काढलं. फिरवलं, उलटं केलं, पाना इकडून लावला, तिकडून लावला. लोक पुढे सरकले. शेवटी त्याला खाच दिसली. त्याचा चेहरा उजळला आणि तो म्हणाला, इथून. आणि म्हटल्याबरोबर त्याला कळलं आपण काय बोललो ते. कवळ्या बनवणाऱ्या बाईंनीच विचारलं, मग ही खाच ड्रॉइंगमध्ये का नाही? अर्धसूतांनी शांतपणे सांगितलं, की ही खाच त्यांनी का घातली, कुठल्या कानशीनं घातली, आणि आत मागच्या भिंतीवर, आरसा धरल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, कुठली तारीख कोरली आहे. कुणीतरी छोटा आरसा दिला. तारीख होती.

"आणि मी यांना तीन पत्रं लिहिली," अर्धसूत म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पाचव्या भागाआधी तीन. तुमची मेहनत वाचली असती. यांनी दाबली ती."

संपादक पांढराफटक पडला. चोरी उघडी पडली तेव्हा तो एवढा हादरला नव्हता. "मला एकही पत्र मिळालेलं नाही," तो म्हणाला. "बाकी काय म्हणायचं ते म्हणा, पण पत्र नाही मिळालं. शपथ घेतो."

सगळं दालन हसलं. मीही हसले. त्या माणसानं आमच्याशी बोललेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि ते खरं आहे हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. त्याच्याकडे बघताना माझ्या छातीत जी गार गार लाट आली, तिच्यासारखं सुख मला दुसऱ्या कशानं मिळालेलं नाही. आज सांगायलाही मला लाज वाटत नाही.

मासिकाच्या मालकानं त्याला काढून टाकलं. पुढच्या अंकात पहिल्या पानावर माफी आली, अर्धसूतांचं पूर्ण नाव ठळक छापून आलं, इंजिन घरी आलं. दुसऱ्या दिवशी मी ती तीन पत्रं खणातून काढली, कापडाच्या थरांमध्ये सरकवली आणि सुरी चालवली. कतरणांच्या पोत्यात ती कुठे गेली ते मलाही सांगता येणार नाही.

इथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण अर्धसूतांनी त्या दालनात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की बैठका मी बदलून देतो. एकतीस इंजिनं आली. टपालानं, हातोहात, कुणाकुणाच्या पाहुण्यांबरोबर. प्रत्येकाची बैठक वेगळी, कारण प्रत्येकानं भोकं आपापल्या हिशेबानं पाडलेली. दोन वर्षं त्यांचे सगळे रविवार त्यात गेले. रेल्वेच्या छोट्या इंजिनाचं त्यांनी स्वतः काढलेलं ड्रॉइंग भिंतीवर टाचलेलं होतं, ते तिथंच पिवळं पडलं. डोळे अधू झाले, मग हात थरथरायला लागला, आणि ते इंजिन झालंच नाही. एकेक खाच घालताना ते पुटपुटायचे, "एक पत्र छापलं असतं तर." मी मागे उभी राहून कीस झाडायची. संपादकाबद्दल मला काडीचं वाईट वाटलं नाही. पण ते पुटपुटणं ऐकलं की झाडू हातात जड व्हायचा.

एकदा सांगावं असं मनात आलंही होतं. पण माझ्या नवऱ्याला आता ताठ चालायची सवय झाली होती. रांगेत कुणी घुसलं तर ते त्याला बोटानं मागे पाठवायचे. तो ताठपणा ज्यावर उभा होता ते मी कसं काढून घेणार होते?

सहा-सात वर्षांनी संपादकाचं पत्र आलं. आजारी होता, हातानं लिहिलेलं, अक्षर कापरं. इंजिन माझं नव्हतं, ते माझं पाप, असं त्यानं सरळ लिहिलं होतं. मग पुढे: पण तुमची पत्रं मला खरोखर मिळाली नव्हती, एवढं तुम्ही मानलंत तर मी सुखानं डोळे मिटेन.

अर्धसूतांनी ते पत्र भिंगाखाली धरून दोनदा वाचलं. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"पत्रं तूच टाकली होतीस ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग झालं," ते म्हणाले आणि उत्तर लिहायला बसले. थरथरत्या हातानं दोनच ओळी लिहिल्या. मी त्यांच्या खांद्यावरून वाचल्या. मरताना तरी खोटं बोलू नये, ती पत्रं तुम्हीच दाबलीत, आणि मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही. असं त्यांनी आयुष्यात कुणाला लिहिलं नव्हतं. पाकीट चिकटवून त्यांनी ते माझ्या हातात दिलं, आणि मी चपला घालून त्याच दुपारी ते पेटीत टाकून आले.